स्तनाच्या कॅन्सरनंतर जनुकीय चाचणी कुणी करावी? सीमाभागातल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या प्रत्येक बाईला जनुकीय चाचणी लागतेच असं नाही. पण ‘हिला लागते का?’ हा प्रश्न प्रत्येकीच्या बाबतीत उपचार सुरू होण्याआधी विचारला गेला पाहिजे, आणि आपल्या भागात नेमका तोच राहून जातो. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांपुढं गाठीचा प्रश्न असतो, घरच्यांना ऑपरेशनच्या खर्चाची काळजी असते आणि बाई स्वतः ‘गावात कुणाला सांगू नका’ एवढंच म्हणत असते. पुढं काही वर्षांनी तिच्या धाकट्या बहिणीला तोच आजार निघतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘घराण्यातच आहे वाटतं.’ हे वाटणं तपासून बघायची सोय आज आहे, आणि त्यासाठी लागणारं रक्त बेळगावातूनच पाठवता येतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, भालकी या पट्ट्यातल्या मराठी घरांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. चाचणी करायची की नाही हे शेवटी डॉक्टर आणि पेशंट मिळून ठरवतील. त्यांच्यापुढं बसताना कोणते कागद न्यायचे, काय विचारायचं आणि कोणत्या उत्तरावर अडून राहायचं, ते कळावं म्हणून हा लेख.

आधी, ही चाचणी नेमकी कशाची

फाईलमध्ये चाचण्यांचे कागद भरपूर असतात आणि त्यांची सरमिसळ होते. गाठीचा तुकडा काढून त्यावर ईआर, पीआर (हे दोन हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (हे एक प्रथिन) अशा तीन गोष्टी बघतात. ती गाठीची तपासणी. केमो लागेल का हे ठरवायला काही वेळा गाठीवरच आणखी एक महागडी चाचणी करतात, तीही गाठीचीच. आपण ज्या चाचणीबद्दल बोलतोय ती रक्ताची किंवा लाळेची असते. जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असलेला, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला जनुकातला बिघाड ती शोधते. ‘जेनेटिक टेस्ट झाली आहे’ असं कुणी सांगितलं तर कागद काढून बघा, नमुना कशाचा होता : गाठीचा की रक्ताचा? गाठीवरच्या चाचणीत बीआरसीए या जनुकाचा बिघाड दिसला असेल, तर तो जन्मजात आहे की फक्त गाठीत तयार झालेला आहे हे ठरवायला रक्ताची चाचणी वेगळी करावी लागते.

स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटांत साधारण पाच ते दहा जणींचा आजार असा वारशानं आलेला असतो. त्यातली सगळ्यांत महत्त्वाची दोन जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. पहिलं १९९४ मध्ये सापडलं, दुसरं १९९५ मध्ये. तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे यांचं काम. ते जनुक बिघडलेलं असेल तर दुरुस्ती अर्धवट होते आणि कॅन्सरला वाट मिळते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए-१ च्या बिघाडात सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये सुमारे ६९ टक्के आढळली. अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के होती. पीएएलबी-२, टीपी-५३, चेक-२, एटीएम ही आणखी काही नावं रिपोर्टात दिसतात. त्यांचा धोका कमी-जास्त असतो.

हा बिघाड आई-वडिलांपैकी एकाकडं असला तर प्रत्येक मुलाकडं आणि प्रत्येक मुलीकडं तो येण्याची शक्यता निम्मी. वडिलांना स्वतःला काहीही न होता तो त्यांच्याकडून मुलीकडं जाऊ शकतो. हे वाक्य घरात सगळ्यांना ऐकवा, कारण ‘तिच्या आईकडं कुणाला नव्हतं’ एवढ्यावरच बहुतेक घरांत चौकशी थांबते.

पहिला कागद : पेशंटचा स्वतःचा रिपोर्ट

बायोप्सीच्या रिपोर्टातून तीन गोष्टी एका कागदावर उतरवून घ्या. निदान झालं तेव्हाचं वय, ईआर-पीआर-हर-टूचे निकाल, आणि गाठ एका बाजूला आहे की दोन्ही. तिन्ही निगेटिव्ह असतील तर तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’ कॅन्सर. बीआरसीए-१ च्या बिघाडाशी त्याचं नातं जवळचं असल्यामुळं हा शब्द ठळक लिहा. ‘डीसीआयएस’ म्हणजे दुधाच्या नळीच्या आतच असलेला, अजून न पसरलेला कॅन्सर लिहिला असेल तर तोही या हिशेबात धरतात.

वयाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. आपल्याकडं पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी बायकांच्या आधार कार्डावर १ जून किंवा १ जानेवारी अशी अंदाजे तारीख असते. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली किंवा नोंदणीवाल्यानं टाकलेली. पन्नास हा या निर्णयातला मोठा टप्पा असल्यामुळं दोन-तीन वर्षांचा फरक महत्त्वाचा ठरतो. कार्डावर ५२ असेल आणि थोरल्या भावाच्या जन्मावरून हिशेब ४९ येत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

दुसरा कागद : घराण्याचा तक्ता

यात सगळ्यांत जास्त वेळ घाला. माझ्या मते चाचणीचा अर्धा निर्णय या कागदावर होतो. आणि हा कागद डॉक्टर करू शकत नाहीत. तो घरच्यांनीच करायचा असतो.

मोठा कागद आडवा घ्या. मध्ये पेशंट. डावीकडं वडिलांचं घराणं, उजवीकडं आईचं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, वारलेल्यांवर तिरकी रेघ. ज्यांना कुठलाही कॅन्सर झाला त्यांचा गोल-चौकोन भरून टाका, आणि शेजारी कुठल्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी ते लिहा. पेशंटची मुलं, भाऊ-बहिणी आणि आई-वडील हे पहिल्या फळीचे. सख्ख्या आत्या, मावश्या, काका, मामा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, भाचरं-पुतणे हे दुसऱ्या फळीचे. चुलत, आते, मामे, मावस भावंडं तिसऱ्या फळीची. एवढे सगळे लागतात.

आता ज्या ठिकाणी हमखास घोटाळा होतो, ते बघू.

काकू आणि मामी या लग्नानं आलेल्या. काकूला स्तनाचा कॅन्सर झाला म्हणून पुतणीचा धोका वाढत नाही. तो वाढला असेल तर काकूच्या स्वतःच्या मुलींचा. सासूचंही तेच. पण आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. आत्याच्या मुलाला दिलेली मुलगी असेल तर तिची सासू ही तिची सख्खी आत्या, म्हणजे थेट रक्ताची. सीमाभागातल्या काही घरांत मामाशी भाचीचं लग्नही झालेलं असतं. अशी नाती तक्त्यात दुहेरी रेघेनं दाखवा. ती दाखवण्याचं आणखी एक कारण आहे. नवरा-बायको रक्ताचे असतील आणि दोघांकडंही बीआरसीए-२ चा बिघाड असेल, तर मुलाकडं दोन्ही बाजूंनी तो जाऊन फॅन्कोनी अॅनिमिया हा लहानपणीचा गंभीर रक्ताचा आजार होऊ शकतो. म्हणून अशा घरात पेशंट तरुण असेल आणि अजून मूल हवं असेल, तर तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर नवऱ्याचीही चाचणी करतात.

‘बहिणीला होता’ असं सांगितल्यावर डॉक्टर सख्खी बहीण धरतात. आपण चुलत बहिणीलाही बहीणच म्हणतो. त्यामुळं प्रत्येक नावापुढं सख्खी, चुलत, मामे, मावस हे लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. चुलत आत्या आणि सख्खी आत्या यांत तर खूपच अंतर पडतं. आजोबांच्या दोन बायका असतील तर सावत्र आत्याही निम्म्या रक्ताची असते, तिला वगळू नका. आणि दत्तक! जमिनीच्या घराण्यांत एखादा आजोबा-पणजोबा दत्तक आलेला असणं काही नवं नाही. आडनाव या घराचं असलं तरी रक्त त्याच्या जन्मघराचं. चौकशी तिकडं करायची.

वंशावळ सांगत फिरणारा हेळवी अजून तुमच्या गावी येत असेल तर त्याच्या वहीतून वाडवडिलांची नावं मिळतील. आजार मात्र मिळणार नाहीत, आणि दुसऱ्या घरी दिलेल्या लेकींचा माग काढायला म्हाताऱ्या बायकांनाच विचारावं लागेल. त्यांना ‘कुणाला कॅन्सर होता का?’ असं विचारू नका. त्या काळी कितीतरी जणींचं निदानच झालं नव्हतं, आणि झालं तरी ते बोललं गेलं नाही. त्याऐवजी विचारा : छातीला जखम होऊन कुणी गेली का? कुणाच्या पोटात पाणी भरत होतं, ते पुन्हा पुन्हा काढावं लागत होतं का? पोटात पाणी होणं ही अंडाशयाच्या कॅन्सरची नेहमीची खूण आहे, आणि घराण्यातला अंडाशयाचा एक कॅन्सरसुद्धा चाचणी करण्याच्या बाजूचं पारडं एकदम जड करतो. उतारवयात कावीळ होऊन दोन-तीन महिन्यांत कुणी गेलं का? ते स्वादुपिंडाचं असू शकतं. आजोबांना लघवीचा त्रास होऊन हाडांत पसरलं होतं का? तो प्रोस्टेटचा कॅन्सर असू शकतो. ‘असू शकतं’ एवढंच लिहा, नक्की म्हणून लिहू नका.

कितव्या वर्षी झालं हे कुणालाच आठवत नाही. मग खुणेनं विचारा. २०१९ च्या महापुराआधी की नंतर? २००५ च्या पुराच्या वेळी ती होती का? जुनी गोष्ट असेल तर १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या वेळी तिची मुलं केवढी होती? यातून वयाचा अंदाज पाच वर्षांच्या आत येतो आणि तेवढा पुरतो.

चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडं घरोघरी आहेत. त्या ऑपरेशनमध्ये अंडाशयंही काढली होती का, ते विचारा. काढली असतील तर त्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर न होणं यातून घराण्याबद्दल काही सिद्ध होत नाही. तसंच वडिलांच्या बाजूला सगळे भाऊच असतील किंवा बायका लहान वयातच गेल्या असतील, तर ‘तिकडं कुणाला नव्हता’ या वाक्याला फारसं वजन राहत नाही. तक्त्यावर तसं लिहा : बायका कमी. डॉक्टरांना त्याचा अर्थ कळतो.

नातेवाइकांचे कागद चार दिशांना असतात. चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीचे कोल्हापूर किंवा मिरजेला, गोव्यातल्या आत्याचे बांबोळीला, मुंबईला गेलेल्या काकांचे टाटाला. व्हॉट्सअॅपवर बायोप्सीच्या पानाचा फोटो मागवा, आणि माहेरचं नाव कागदावर नसणार हे धरून सासरच्या नावासह जतन करा.

आता निर्णय

दोन्ही कागद पुढं ठेवा. खालीलपैकी एक जरी लागू असेल तर माझ्या मते वाद न घालता चाचणी मागावी.

निदान वयाच्या पन्नासाव्या वर्षी किंवा त्याआधी झालं आहे. कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह आहे, मग वय काहीही असो. दोन्ही स्तनांत किंवा वेगवेगळ्या वेळी दुसरा नवा कॅन्सर झाला आहे. तिलाच अंडाशयाचाही झाला आहे. पेशंट पुरुष आहे. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, आणि झाला तर चाचणी करायचीच. रक्ताच्या जवळच्या नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा, किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा, स्वादुपिंडाचा, पुरुषाच्या स्तनाचा किंवा पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आहे. एकाच बाजूला, म्हणजे फक्त आईकडं किंवा फक्त वडिलांकडं, पेशंट धरून स्तनाच्या कॅन्सरचे तीन किंवा जास्त पेशंट आहेत. घराण्यात कुणाचा तरी बिघाड आधीच सापडला आहे. लोब्युलर प्रकारचा स्तनाचा कॅन्सर आणि घरात जठराचा ‘डिफ्यूज’ प्रकारचा कॅन्सर ही जोडी दुर्मीळ, पण तिच्यामागं सीडीएच-१ हे वेगळं जनुक असू शकतं, म्हणून तीही सांगून ठेवते.

याशिवाय औषधासाठी चाचणी लागते. हर-टू निगेटिव्ह कॅन्सर शरीरात पसरला असेल, किंवा पसरलेला नसला तरी परत येण्याचा धोका जास्त असेल, तर बीआरसीएचा बिघाड असलेल्यांना ओलापॅरिबसारखी गोळी उपयोगी पडते. लवकरच्या टप्प्यातल्या, पण जास्त धोक्याच्या पेशंटांना वर्षभर ही गोळी दिल्यानं आजार परत येण्याचं प्रमाण घटतं, हे २०२१ मध्ये समोर आलं. ही गोळी द्यायची की नाही हे रक्ताच्या रिपोर्टावर ठरतं, त्यामुळं इथं वयाचा आणि घराण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता एक्कावन्न ते पासष्टच्या बायका, ज्यांच्या तक्त्यात काहीच सापडलं नाही. इथं मतं बदलत गेली आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२४ मध्ये मिळून सांगितलं की पासष्ट वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नव्या पेशंटला बीआरसीएची चाचणी देऊ करावी. मला हे आपल्यासाठी पटतं, आणि कारण साधं आहे. ज्या घरांत आजी कशानं गेली हे कुणाला सांगता येत नाही, तिथं तक्ता कोरा आहे म्हणून घराणं स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. परवडत असेल तर करा. परवडत नसेल तर आधी मुली किती, बहिणी किती ते मोजा. एकुलता एक मुलगा आणि एक वयस्क भाऊ असलेल्या बाईपेक्षा चार बहिणी आणि तीन मुली असलेल्या बाईच्या रिपोर्टाचा उपयोग अधिक जणींना होतो.

पासष्टच्या पुढची, ईआर पॉझिटिव्ह, दोन्ही बाजूंचा तक्ता नीट भरलेला आणि रिकामा, आणि औषधासाठी गरज नाही : अशा आजीला चाचणी न केल्यानं सहसा काही बिघडत नाही. तिला त्या पैशांत नीट जेवण आणि रेडिएशनला जायची गाडी मिळाली तर ते जास्त मोलाचं.

आधी कुणाचं रक्त

हा नियम कडक आहे : घरात कॅन्सर झालेली व्यक्ती हयात असेल तर पहिली चाचणी तिची. आई आजारी असते आणि मुंबई-पुण्यात नोकरी करणारी मुलगी घाबरून स्वतःची चाचणी करून येते. तिची निगेटिव्ह आली तर काय कळलं? आईकडं बिघाड आहे आणि तो मुलीकडं आला नाही, की आईकडंच नव्हता, की आहे पण या चाचणीनं पकडला नाही? काहीच ठरत नाही. तेच पैसे आईच्या चाचणीवर घातले असते तर सगळ्या भावंडांना उत्तर मिळालं असतं.

घरात दोघी पेशंट असतील तर जिला कमी वयात झाला, किंवा जिचा ट्रिपल निगेटिव्ह आहे, किंवा जिला अंडाशयाचा आहे, तिची आधी करा. पेशंट वारली असेल तर सगळ्यांत जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाची करतात, पण निगेटिव्ह निकालावर पूर्ण विसंबू नये. पेशंटला पूर्वी दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवली असेल तर तिचं रक्त चालत नाही, ते आधी सांगा.

कधी, कुठं, किती पैशांत

रिपोर्ट यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. स्तन राखायचं की काढायचं, दुसऱ्या बाजूचं काय, हे ऑपरेशनआधी ठरणार असेल तर रक्त पहिल्या भेटीतच द्यावं. टीपी-५३ चा बिघाड निघाला तर डॉक्टर शक्यतो रेडिएशन टाळतात, म्हणून फार तरुण पेशंटच्या बाबतीत घाई आणखी महत्त्वाची. मात्र केमो आधी सुरू व्हायची असेल तर रिपोर्टाची वाट बघत ती थांबवू नका. केमोच्या महिन्यांत रिपोर्ट येऊन जातो.

रक्त काढायला बेंगळुरू-मुंबई गाठावी लागत नाही. बेळगावातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की रक्त इथंच काढून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कुरिअरनं जातं. सल्ला मात्र नीट मिळाला पाहिजे. केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलचा आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कॅन्सर हॉस्पिटलचा आधार बेळगावात आहे, सरकारी बिम्स हॉस्पिटल आहे, हुबळीत नवनगरचं कर्नाटक कॅन्सर हॉस्पिटल आहे, बेंगळुरूत किदवाई कॅन्सर संस्था आहे. गुंतागुंतीचं घराणं असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम देशात जुनं आणि नावाजलेलं आहे. जेनेटिक काउन्सेलर फोनवरही बोलतात. ‘मराठीत बोलणारं कुणी आहे का?’ हे विचारायला संकोच करू नका. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर सहीआधी त्यातली प्रत्येक ओळ मराठीत समजावून मागा.

खर्च प्रयोगशाळा आणि जनुकांची संख्या यांवर अवलंबून साधारण दहा ते तीस हजार. विचारायचे प्रश्न असे : बीआरसीएची दोनच जनुकं बघणार की पॅनल, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकं? जनुकाचा मोठा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर तो या चाचणीत दिसतो का, की त्याला वेगळे पैसे? पॉझिटिव्ह आला तर नातेवाइकांची चाचणी सवलतीत किंवा फुकट करता का, आणि किती दिवसांच्या आत? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण मुदत काही महिन्यांचीच असते.

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. पण ही योजना उपचारांच्या पॅकेजवर चालते. चाचणी त्यात बसते का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा. आपल्या भागात फौजी घरं खूप आहेत. निवृत्त सैनिकाची बायको किंवा अवलंबून असलेली आई पेशंट असेल तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून रेफरल घेऊन मगच पुढं जा. ओलापॅरिबचा विचार चालू असेल तर औषध कंपनीच्या मदतीनं होणारी चाचणी उपलब्ध आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. कधी कधी असते. आणि एक सूचना : घरात कुणाला आरोग्य किंवा आयुर्विमा घ्यायचा असेल तर तो नातेवाइकांच्या चाचण्यांआधी घेऊन टाका. जनुकीय माहितीवरून भेदभाव होऊ नये असा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही.

नमुन्यावर आणि फॉर्मवर नाव आधार कार्डाप्रमाणंच लिहा. कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा कागदावर येताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं आणि पुढं योजनेत अडचण येते.

रिपोर्ट आल्यावर

तीन प्रकारचं उत्तर येतं. ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ असेल तर बिघाड सापडला. मग दुसऱ्या स्तनाचं काय, आणि अंडाशयं कधी काढायची, हे ठरवायचं. मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० या वयात आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ मध्ये ती काढण्याचा सल्ला देतात. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नसल्यामुळं हा सल्ला एवढ्या ठामपणे दिला जातो. स्तन काढणं ही मात्र सक्ती नाही; नियमित तपासणी हाही पर्याय असतो.

‘व्हीयूएस’ म्हणजे बदल दिसला, पण तो घातक आहे की नुसताच वेगळा, हे आजच्या माहितीवर सांगता येत नाही. भारतीय लोकांची जनुकीय माहिती जगाच्या साठ्यात कमी असल्यामुळं आपल्याकडं हे उत्तर जास्त येतं. त्याच्या भीतीनं कुणीही अंडाशय किंवा स्तन काढू नये, आणि नातेवाइकांच्या चाचण्याही करू नयेत. वर्ष-दोन वर्षांनी त्याच रिपोर्टाच्या नंबरवर प्रयोगशाळेला पुन्हा विचारावं. यातले बरेचसे बदल पुढं निरुपद्रवी ठरतात.

निगेटिव्ह आला आणि तक्ता मात्र भरलेला असेल, तर मुलींची तपासणी घराण्याच्या इतिहासाप्रमाणंच चालू ठेवायची. ज्या घरात बिघाड आधीच माहीत आहे, तिथं एखाद्या बहिणीची नेमक्या त्याच बिघाडाची चाचणी निगेटिव्ह आली, तर तो धोका तिच्याकडं आला नाही असं खात्रीनं म्हणता येतं.

बाकीच्यांना सांगणं

बिघाड सापडला असेल तर रिपोर्टाच्या ज्या पानावर जनुकाचं नाव आणि बदलाचा नेमका क्रमांक आहे, त्या पानाच्या झेरॉक्स काढा. सख्ख्या भावंडांना एकेक, आणि बिघाड ज्या बाजूनं आला असं दिसतं त्या बाजूच्या काका-आत्या किंवा मामा-मावशीला एकेक. त्यांना फक्त त्या एका बदलाची चाचणी करायची असते, त्यामुळं ती स्वस्त पडते आणि उत्तर स्पष्ट मिळतं. पान हातात नसेल तर कोल्हापूरचा डॉक्टर पुन्हा सगळं पॅनल लिहून देईल.

भावांना वगळू नका. बीआरसीए-२ चा बिघाड असलेल्या पुरुषाला चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी सांगतात, आणि त्याच्या मुलींपर्यंत धोका पोहोचतो तो त्याच्यामार्फतच.

लग्नाच्या वयाच्या मुली असलेल्या घरांत हे झाकून ठेवण्याकडं कल असतो. स्थळ मोडेल ही भीती खरी आहे, तिला मी हलकं लेखत नाही. पण गावाला सांगणं आणि त्या मुलीला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची गरज नाही. दुसरी टाळण्याचा अधिकार आई-वडिलांना नाही. चाचणी करायची की नाही हे मग तिनं ठरवावं, आणि ती ‘आत्ता नको’ म्हणाली तर तेही मान्य करावं.

अठरा वर्षांखालच्या मुलांची बीआरसीएची चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात त्यावरून करण्यासारखं काही नसतं. टीपी-५३ चा बिघाड निघाला असेल तर मात्र मुलांबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला, त्यात लहानपणीही कॅन्सर होतात. बीआरसीएचा बिघाड आलेल्या मुलीला पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून त्याबरोबर मॅमोग्राम सांगतात. म्हणून धाकटी आज सहावीत असली तरी आईच्या रिपोर्टाची एक प्रत तिच्या जन्मदाखल्याबरोबर, त्याच पिशवीत ठेवा.